ज्याला बोट लागेल, तो घरी

परदेश फिरायची आमची गाडी पहिल्यांदा उभी राहिली ती आमच्या गच्चीवर, चुन्याच्या फक्कीने आखलेली.

जुईनगरला आमची चार मजली इमारत आहे. गावची शेती सरकारने घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर बांधलेली. बाबांचा अर्धा जन्म प्लॉट आखण्यात गेलाय. त्यामुळे इंग्लंडात नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने कॅरॅव्हॅनचा, म्हणजे आतच राहता येईल अशा गाडीचा, नकाशा पाठवला तेव्हा तो मोबाइलवर बघून त्यांचं समाधान होईना. त्यांनी टेप काढली, एक टोक आत्याच्या हातात दिलं आणि गाडी खऱ्या मापाने गच्चीवर आखली. इथे ड्रायव्हर, इथे ओटा, इथे संडास, इथे झोपायचं.

बेत असा होता. भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी तिकडचे. आई, बाबा, आत्या आणि मी इथून जाणार. गाडी इंग्लंडात भाड्याने घ्यायची, गाडीसकट मोठ्या फेरीबोटीत चढायचं आणि फ्रान्सला उतरायचं. आम्ही चौघं तोवर विमानातसुद्धा बसलो नव्हतो.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला, परत माहेरी आली आणि तेव्हापासून आमच्या घरात राबते. ‘हातभार लावते’ असं आई म्हणते. मी ‘राबते’ म्हणते. आम्हा दोघा भावंडांना तिने वाढवलं. प्लॉट मिळाला तेव्हा तिने हक्कसोडपत्रावर सही केली, म्हणजे आपला वाटा बाबांना सोडून दिला. ‘स्वखुशीने’ असं त्यात छापलेलं आहे. मी बायकांच्या जमिनीतल्या वाट्यावर पत्रकं लिहिते, स्टेशनाबाहेर उभी राहून वाटते. ते हक्कसोडपत्र आमच्याच कपाटात आहे, हे मी एकाही पत्रकात लिहिलेलं नाही.

तिचा पासपोर्ट आला तेव्हा तो तिने बाबांच्या कपाटात ठेवू दिला नाही. उशीखाली ठेवला. रोज संध्याकाळी ती गच्चीवर जायची, आखलेल्या दारातूनच आत शिरायची, आखलेल्या ओट्यासमोर बसून एका शेगडीवर सात माणसांच्या भाकऱ्या कशा होतील ते बघायची. फक्कीवर पाय पडू द्यायची नाही. आम्ही हसायचो.

मग एका रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल आला.

“बाबा, सीट सहाच आहेत. इकडे मांडीवर वगैरे बसवत नाहीत, प्रत्येकाला पट्टा लागतो. मोठी गाडी शिल्लक नाही. कोण कोण येतंय ते सांगा, मग बुकिंग करतो.”

आत्या तिथेच मोरीपाशी कोळंबी सोलत होती. आईने आवाजही खाली आणला नाही.

“वन्संना कशाला ओढायचं एवढ्या लांब? एकच खोली, एकच संडास. त्यात त्यांच्या अंगाला सुकटीचा वास. तिकडचे लोक नाक धरतील.”

सुकट खाते कोण? आम्ही सगळे. निवडते कोण? आत्या. वास मात्र तिच्या एकटीचा.

बाबांना तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नव्हतं. माणूस आपणहून गळला पाहिजे, म्हणजे आपले हात स्वच्छ. त्यांनी युक्ती काढली. “आपण न्यायाने जाऊ. उरणला मोरा बंदरावरून लाँच सुटते. सगळे जाऊन येऊ. ज्याला बोट लागेल, तो घरी.”

हे बोलताना त्यांची नजर फक्त आत्यावर होती. म्हातारी बाई, गुडघे गेलेले, दहा मिनिटांत ओकेल, असा हिशोब. आजोबांबरोबर होडीत बसून खाडीत जाळं टाकायला कोण जायचं, हे ते विसरले होते. तेव्हा बाबांना शाळेत घातलेलं होतं. होडीत आत्या असायची.

लाँचला त्या दिवशी चांगल्याच लाटा लागल्या. आईने घरूनच गोळी घेतली होती, ती कोणी मोजली नाही. मी कठडा धरून लांब बघत बसले. आत्याने मांडी घातली, पिशवीतून भाकरी आणि सुकटीचं कालवण काढलं आणि निवांत जेवायला लागली.

“बाय, ते बंद कर आधी,” बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण भुकेचं नव्हे.

“का रं? पोटात काय असलं म्हंजे लागत नाय. घे घास.”

तिने घास पुढे केला आणि बाबा ओकले. आधी स्वतःच्या चपलांवर, मग कठड्यावरून. एक बाई म्हणाली, “मुंबईचे दिसतात.” अख्खा जन्म खाडीच्या काठावर काढलेल्या माणसाला! आत्याने त्यांचं कपाळ धरलं, पदराने तोंड पुसलं, चपला समुद्राच्या पाण्याने धुतल्या. हसली नाही. मी हसले.

परत येताना गाडीत मीच म्हटलं, “मग बाबा, तुम्ही घरी का?”

“गप ए. सकाळपासून पित्त होतं मला. हे धरायचं नाय.” मग म्हणाले, “आनि घर कोन बघनार? भाडेकरू हायेत, पान्याची मोटर हाय. बाय, तूच सांग पोराला, मला नको म्हनून. आमी सांगितलं तर त्याला वाईट वाटेल.”

आत्या खिडकीतून बाहेर कंटेनरच्या रांगा बघत होती. मग म्हणाली, “मना त्या फोनवर बोलाया नाय जमत. पोरगी लिवल.”

पोरगी म्हणजे मी. घरात लिहिता येतं ते मला, असं सगळे मानतात. सहावी सीट माझी होती. ‘माझ्या जागी आत्याला न्या,’ एवढं एक वाक्य. याहून अवघड वाक्यं मी पोलीस चौकीसमोर माइकवर बोलले आहे. त्या दिवशी जीभ उचलली नाही. मला फ्रान्स बघायचं होतं. दुसरं काहीही कारण नव्हतं.

घरी येऊन मी भावाला मेसेज लिहिला. आत्या शेजारी बसली.

“काय लिवलंस गो? वाच.”

मी वाचलं. “आत्याची इच्छा नाही. ती स्वखुशीने मागे राहते आहे. आम्ही तिघं येतोय.”

तिने मान हलवली. “तवा बी तसंच लिवलेलं.”

भावाचं उत्तर अंगठ्याचं आलं. अंगठा आणि बोटीचं चित्र.

दुसऱ्या दिवशी ती बादली आणि खराटा घेऊन गच्चीवर गेली. ओट्याचा भाग अर्धा धुऊन झाला होता, तेवढ्यात बाबा वर आले.

“अगं, पुसतेस काय? अजून सामान मांडून बघायचंय. आता सहाजणांचं नीट आखू.” त्यांनी खिशातून टेप काढली. “बाय, टोक धर.”

तिने हात पदराला पुसले आणि टोक धरलं.

“घट्ट धर,” बाबा म्हणाले. “ढिली पडली तर माप चुकतं.”