सातवी ब, एक कूलर आणि बंद खिडक्या

चहा घ्या, पण कप जरा दूर धरून बसा. मी जी माती खाल्ली ती ऐकताना आमच्या चौकातल्या टपरीवाल्याचा अख्खा चहा उतू गेला होता, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तर मी म्हणजे इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातून बाहेर पडलेला मुलगा. काढलेला नाही, पडलेला! आमच्या विभागप्रमुखांना भर वर्गात मी एवढंच विचारलं होतं, "सर, हे मशीन तुम्ही स्वतः कधी उघडून पाहिलंय का?" ते म्हणाले, "खाली बस." मी बसलो नाही. बॅग उचलली आणि थेट नागपूरच्या मनीषनगरात बाबांच्या दुकानात येऊन उभा राहिलो. बाबा पत्र्याचे कूलर बनवतात.

नातेवाइकांनी तेरवीला आल्यासारखी तोंडं केली. एक काका तर मला नालायक म्हणायला खास उमरेडहून एसटीने आले. म्हणाले, जेवले, आणि जाताना त्यांच्या कूलरची मोटर माझ्याकडूनच दुरुस्त करून घेऊन गेले.

तेव्हापासून माझं एकच तत्त्व. मोठं माणूस बोललं, की आधी धरून चालायचं, हे खोटं आहे.

अशा मला एका शाळेचं बोलावणं आलं! सातवीला नवा विषय सुरू करायचा होता, डिझाइन आणि टेक्नॉलॉजी. मुलांनी अडचण शोधायची, वस्तू उघडायची, स्वतःच्या हाताने काहीतरी बनवायचं. शिकवायला माणूस मिळेना, कारण ज्यांच्याकडे डिग्री होती त्यांना स्क्रू पिळायचा पेचकस कुठल्या बाजूने धरतात तेच माहीत नव्हतं. विज्ञानाच्या मॅडम आमच्या दुकानाच्या गिऱ्हाईक. त्यांनी माझं नाव सुचवलं.

मुख्याध्यापकांनी अट घातली. पहिल्या तासाला मी विषयाची ओळख करून द्यायची. तास संपेपर्यंत वीस मुलांनी नावं दिली तर विषय सुरू. नाही दिली तर तो तास स्कॉलरशिपच्या जादा वर्गाला, आणि मी परत दुकानात.

वीस नावं! तुम्हाला किरकोळ वाटेल. पण पहिल्यांदाच कोणीतरी मला 'सर' म्हणणार होतं हो!

मी ठरवलं, भाषण ठोकायचं नाही. वस्तूच दाखवायची. आठ दिवस खपून एक कूलर बनवला. पत्र्याऐवजी पारदर्शक प्लॅस्टिक, खाली चाकं. पंप पाणी कसं चढवतो, गवताच्या जाळ्या कशा भिजतात, सगळं बाहेरून दिसेल असा. बाबांनी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या.

"मस्त झाला बे. हॉलमंधी नेऊन राहिला? खिडकी पाहून घेजो."

"बाबा, हे डिझाइन आहे. तुमचं ठोकाठोकीचं काम नाही."

बाबा हातोडी उचलून पत्रा ठोकू लागले. जरा जोरातच.

शाळा उघडून आठवडा झालेला. पावसाचा पत्ता नाही, ऊन मे महिन्यासारखंच. हॉलमध्ये सातवी ब ची साठ मुलं. पुढच्या सोफ्यावर संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि मुख्याध्यापक. भिंतीवर अध्यक्षांचं चित्र, चित्रकलेच्या सरांनी पोस्टर कलरने रंगवलेलं, माझ्या कूलरपेक्षा मोठं. विषय माझा, चित्र त्यांचं!

मी कूलर हॉलच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना दिसावा म्हणून. मग आठही खिडक्या माझ्या हाताने लावून घेतल्या. दारही लावलं. का? गारवा बाहेर जायला नको!

तुम्ही नागपूरचे असाल तर इथेच कपाळावर हात मारला असेल. नसाल तर ऐका. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, भिजवतो आणि आत सोडतो. म्हणून तर तो घरोघरी खिडकीबाहेर बसवलेला असतो. बंद खोलीत ठेवला की तीच हवा पुन्हा पुन्हा भिजते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. कूलरवाल्याच्या पोराला तेवढं कळलं नाही!

पहिली पाच मिनिटं झकास गेली. मग माझा शर्ट पाठीला चिकटला. मला शंका आली, म्हणून मी सोफ्याकडे पाहिलं. अध्यक्ष मान पुसत म्हणाले,

"वा! एकदम काश्मीर!"

"काश्मीर काय साहेब, मला तर स्वेटर आठवला," सचिव म्हणाले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब टपकन पॅन्टवर पडला.

मुख्याध्यापकांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांना मी दिसत नव्हतो, कूलर दिसत नव्हता. तरी ते म्हणाले, "अप्रतिम! अप्रतिम!"

आणि मी? मी फुगलो! तत्त्व वगैरे गेलं उडत. आयुष्यात पहिल्यांदा तीन मोठी माणसं एकत्र माझं कौतुक करत होती. मी पंखा फुल केला. पाण्याचे तुषार थेट भिंतीवर. चित्रातल्या अध्यक्षांची मिशी हळूहळू खाली निघाली आणि हनुवटीपाशी येऊन थांबली. खरे अध्यक्ष म्हणाले, "अजून वाढवा!"

हॉलचं इडलीपात्र झालं. पोरं वह्यांनी वारा घेऊ लागली. एकाने मोजे काढले. नावांच्या कागदाकडे कोणी ढुंकून पाहीना. तेवढ्यात मागून दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. भाविका तिचं नाव.

"सर, हा कूलर इथं काहून ठेवला जी? आमच्या घरी तं खिडकीत असते. हा तं आपलाच घाम आपल्याले वापस देऊन राहिला!"

साठच्या साठ पोरं खदाखदा हसली. माझे कान तापले. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"खाली बस."

अहो, तो आवाज माझा नव्हताच! तो आमच्या विभागप्रमुखांचा आवाज होता. ज्या माणसामुळे मी कॉलेज सोडलं, तो माझ्याच गळ्यात येऊन बसला होता.

भाविका खाली बसली नाही. तिने दप्तर उचललं आणि दाराकडे निघाली. मी मनात म्हटलं, मेलो! ही तर तिसऱ्या वर्षापर्यंतसुद्धा थांबायची नाही!

मी धावत जाऊन तिच्यापुढे उभा राहिलो. "थांब वं, थांब! चुकलो मी. तूच सांग, काय करायचं?"

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. खरंच विचारतोय की नाही, ते बघत असावी. मग दप्तर खाली ठेवलं.

"खिडक्या उघडा. कूलरची पाठ खिडकीकडं, तोंड आपल्याकडं. अन् दारबी उघडा. हवेले बाहेर जायले जागा नको का?"

"अहो, गारवा निघून जाईल!" अध्यक्ष ओरडले.

"साहेब, तुमचा शर्ट पिळला तर बादली भरेल. खोटं काहून बोलून राहिले तुम्ही?" भाविका म्हणाली.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला आणि लगेच पुसला नसता तर बरं, असा चेहरा केला. पण तोवर पोरं सुटली होती! दहा जणांनी कूलर ढकलला, बाकीच्यांनी खिडक्या उघडल्या. एकाने सचिवांना "जरा उठा नं जी" म्हणून सोफाच सरकवला. दोन मिनिटांत हवा फिरली, आणि साठ गळ्यांतून एकदम "आऽऽऽ हा!" निघालं.

बिघाड दिसला, कारण सापडलं, हाताने दुरुस्ती झाली. विषयाची ओळख झाली की! तीही मी न बोलता.

घंटा वाजली तेव्हा कागदावर एक्केचाळीस नावं होती. पहिलं भाविकाचं. मुख्याध्यापकांनी दोनदा मोजली. अध्यक्ष जाता जाता म्हणाले, "आम्ही मुलांची परीक्षाच पाहत होतो." पाहा! शेवटपर्यंत सुधारायचं नाही म्हणजे नाही.

माझी छाती मात्र अशी फुगली होती की शर्टाचं वरचं बटण लागेना. दुसऱ्या दिवशी मुलांकडून तीन ओळी लिहून घेतल्या. भाविकाने लिहिलं :

समस्या : हॉलमध्ये खूप उकडत होते.
कारण : मोठे लोक सरांना छान छान म्हणाले आणि सरांना ते खरे वाटले.
उपाय : खिडकी.

मी तो कागद अभिमानाने बाबांना दाखवला. माझी विद्यार्थिनी, म्हटलं! बाबांनी तो दोनदा वाचला, फ्रेम करून आणला आणि दुकानात गल्ल्याच्या वर लावला. आता गिऱ्हाईक आलं की बाबा त्याला आधी ती फ्रेम वाचायला लावतात आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात,

"कूलर बसवायले हे सर येतीन जी. तुम्ही फक्त त्याईले खिडकी दाखवून द्या."