माहेराला दिलेलं स्टेशन

राणीसावरगावला रेल्वे नाही. गंगाखेडला उतरायचं आणि पुढं एसटीची वाट बघायची, हे माझ्या लहानपणीही होतं आणि आजही आहे. अशा गावाला मी एकदा स्टेशन बांधून दिलं. पुठ्ठ्याचं, लाल कौलांचं, पोत्याच्या डोंगराखाली. माझी आई त्या गावात अंथरुणाला खिळली होती, मला तिला भेटायला जायचं होतं, आणि सासूला तसं सांगायचं सोडून मी तिच्यापुढं आगगाडीचा देखावा मांडला. ती बघेल, ओळखेल आणि म्हणेल, जा बाई, जाऊन ये. असा माझा बेत. माझ्या हातून वेडेपणा काही कमी झालेला नाही, पण एवढ्या मेहनतीनं, एवढे रंग कालवून केलेला वेडेपणा हा एकच.

हे आत्ता निघायचं कारण माझा मुलगा. पन्नाशीला टेकलाय. परभणीच्या घरात वरच्या खोलीत त्यानं प्लायवूडचं खोलीभर टेबल करून त्यावर रेल्वे मांडली आहे. इंजिनं कुरिअरनं येतात, डबे येतात, बोटाएवढे सिग्नल येतात आणि ते खरंच लाल-हिरवे होतात. सगळं झालं, पण डोंगर जमेना. थर्माकोल कोरून एक केला, तो मळून ठेवलेल्या कणकेसारखा दिसायला लागला. मग आला माझ्याकडं.

"आई, महालक्ष्म्यांपुढं करायचीस तसा डोंगर करून दे."

"तुझ्या मोबाइलातला तो गोरा माणूस करतो की."

"तो प्लास्टरचा करतो. मला पोत्याचाच पाहिजे. खरा दिसला पाहिजे."

केला. गुडघे धरून जिना चढले आणि केला. हा पट्टी घेऊन शेजारी उभा. "आई, ही शेळी गार्डाच्या डब्यापेक्षा मोठी झाली."

"पोटुशी हाय ती," म्हटलं.

शेवटी त्यानं विचारलं, स्टेशनच्या पाटीवर नाव काय लिहू? मी म्हटलं, कोरी ठेव. त्याला वाटलं, म्हातारी दमली. त्यानं जवळच्याच कुठल्यातरी स्टेशनचं नाव लिहून टाकलं.

तर ते पहिलं स्टेशन. माझं सासर सेलूचं. लग्नाला दुसरं वर्ष होतं. महालक्ष्म्या पंधरा दिवसांवर आल्या होत्या. आमच्या भागात गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात, आणि त्या घरात उभ्या राहायच्या म्हणजे घरच्या सुनेचं काय होतं ते सुनेलाच ठाऊक. भिंती सारवा, पितळ घासा, फुलोऱ्यासाठी करंज्या-पापड्या तळा, भाज्या निवडा. त्या गडबडीत आमच्या गावचा एक म्हातारा दारात आला. त्याची लेक वालूरला दिलेली, तिला भेटायला निघाला होता, वाट वाकडी करून माझ्याकडं आला.

ओसरीवर बसून त्यानं पाणी घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "बाई, तुझी माय झोपून हाय. डावा हात उचलंना. बोलायली, पर जीभ जड झालीय. म्हनली, लेकीला म्हनावं, एकदा येऊन जाय."

तो गेला. आतून सासूनं विचारलं, "काय म्हनत व्हता गं?"

"काही न्हाई, आत्याबाई. खुशाली सांगत व्हता."

आता बघा. त्या वेळी खरं बोलायला काय लागत होतं? एक वाक्य. पण तेव्हाची मी म्हणजे मोठी मानी. भूक लागली तर ताटाकडं बघून उसासा टाकणार, पण वाढा म्हणणार नाही. डोकं दुखलं तर कपाळाला चिंधी बांधून सगळ्यांच्या डोळ्यांपुढून चारदा जाणार, आणि कुणी विचारलं की म्हणणार, कुठं काय, काही नाही. महालक्ष्म्या यायच्या तोंडावर सून माहेरी निघाली तर गल्ली काय म्हणेल, हे एक होतंच. त्याहून मोठं म्हणजे मागून मिळालेलं जाणं मला नको होतं. कुणीतरी ओळखावं, आपणहून द्यावं. याला मी स्वाभिमान म्हणत होते. खुळचटपणाला तेव्हा माझ्याकडं असे चांगले चांगले शब्द होते.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं हैदराबादहून चावीची आगगाडी आणली. पत्र्याची, गोल रुळांवर फिरणारी. महालक्ष्म्यांपुढं लावायची ठरली. मला म्हणाले, "भवती जरा झाडंबिडं लाव." झाडंबिडं. मी बालाघाटचा डोंगर लावला.

दिवसभराचं काम आटोपलं की मी समोरच्या खोलीत बसायची. विटा, पालथी घमेली, फुटका माठ, असं खाली रचायचं. त्यावर शेणमातीच्या पातळ काल्यात बुडवलेलं पोतं टाकायचं आणि ओलं असतानाच बोटांनी चिमटे काढायचे. चिमटा वर राहिला की कडा होते, दाबला की घळ होते. वाळलं की काव आणि चुना. मागं जुनी चादर ताणून त्यावर आभाळ आणि लांबचे डोंगर. लांबचा डोंगर जवळच्याच रंगात काढला तर तो अंगावर येतो; त्यात नीळ आणि चुना वाढवत न्यावा, शेवटची रांग तर आभाळातून जेमतेम वेगळी दिसावी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या माहेरच्या गच्चीवरून तसंच दिसायचं. कापसाच्या पऱ्हाट्यांची टोकं मोडून त्यांना वखारीतला रंगवलेला भुसा चिकटवला की झाडं होतात. ओल्या फडक्यावर गहू टाकून ठेवले की सणापर्यंत शेत हिरवं होतं. तळ्याला आरसा, काठाला वाळू आणि मातीच्या शेळ्या.

आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी माझं गाव. एसटी थांबते तिथली दोन खोडांची चिंच. वर चढणारी पांदीची वाट. निळ्या दाराचं आमचं घर, आणि दारात काडेपेटीच्या काडीची बाई, कपाळावर हात घेऊन रस्त्याकडं बघणारी. एवढं करून मन भरेना, म्हणून घरापुढूनच रूळ नेले आणि स्टेशन उभं केलं. पाटी कोरी ठेवली. नाव लिहायची छाती नव्हती. त्यात आणखी एक हुशारी. चावी किती फिरवली की गाडी दमून बरोबर स्टेशनापुढं थांबते, ते मी घरात कुणी नसताना करून करून पक्कं केलं. आई तिकडं जड जिभेनं माझं नाव घेत होती आणि इकडं मी पत्र्याच्या गाडीची तालीम घेत होते.

महालक्ष्म्या उभ्या राहिल्या. हळदीकुंकवाला बाया आल्या, ओळीनं वाकून बघायला लागल्या.

"अगं बया, हे तर महाबळेश्वर."

"तू कधी गेलतीस महाबळेश्वरला?"

"क्यालेंडरवर हाय की आमच्या."

"शेळ्या लय गोड केल्यात बघ. ही तर पाणी प्यायलीय."

मग गाडी चालायची आणि डोंगर कुणाच्या लक्षात राहायचा नाही. नवरा कोपऱ्यात उभा राहून प्रत्येकीला सांगायचा, हैदराबादहून आणली. जी ती म्हणायची, काय बाई हौस भाऊजींना. मी चावी द्यायची, गाडी फिरायची, हळू व्हायची, निळ्या दारापुढं थांबायची, आणि मी मान वर करून सासूकडं बघायची. बाया बदलत होत्या, मी तेच करत होते. आज कुणी मला तेव्हाची मी दाखवली तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन.

जेवणाच्या दिवशी, सवाष्णी जेवून गेल्यावर, सासू स्वतः पाट घेऊन देखाव्यापुढं बसली. बराच वेळ बघत होती. म्हणाली, "चालव बरं पुन्हा." मी चावी दिली. गाडी फिरली, थांबली, बरोबर तिथंच थांबली. सासूनं हात पुढं केला, चिंचेचं झाड कलंडलं होतं ते बोटानं सरळ केलं, बुडाशी माती दाबली. "डोंगर बरा झालाय," म्हणाली, आणि उरलेली आंबील झाकायला उठून गेली.

दगड आहे ही बाई, मी मनात म्हटलं. आणि मला त्यात बरं वाटलं, हेही सांगते. आपण सोसणारी आणि समोरची दगड, हे मनात एकदा जमलं की दुसरं काही करावं लागत नाही.

महालक्ष्म्यांना निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा भाऊ दारात उभा. त्यानं चप्पलसुद्धा काढली नाही. "माईला पुन्हा झटका आला. चल." सासूनं फुलोऱ्याच्या करंज्या फडक्यात बांधून दिल्या, नवऱ्याला म्हणाली, टेशनापतोर सोडून ये यांना.

आईनं मला ओळखलं. उजव्या हातानं माझा हात बांगड्यांसकट असा धरला की एक बांगडी पिचकली. तोंड हलत होतं. आवाजही येत होता, पण जात्यात दाणा नसताना फिरवलं की येतो तसला. मी कान तोंडाला लावला. पुन्हा पुन्हा लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मला बघून का मला समजेना म्हणून, तेही मला कळलं नाही.

भावजय चुलीपाशी बसून म्हणाली, "महालक्ष्म्या बसल्या त्या दिवसापतोर बोलत व्हत्या की. तुमालाच काहीतरी सांगायचंय म्हनत व्हत्या. मी म्हनलं मला सांगा, तर न्हाई म्हनल्या."

संक्रांतीच्या सुमाराला आई गेली. शब्द एकही परत आला नाही. काय सांगायचं होतं, हे मला आजही माहीत नाही. मी तिच्याहून किती तरी म्हातारी झाले. तिच्या तोंडी घालायला मी आजवर खूप वाक्यं रचली. काही फार सुंदर आहेत. त्यातलं एकही तिचं नाही.

पण हे नंतरचं. मी आईपाशी राहून सेलूला परतले तेव्हा देखावा तसाच होता. कुणी हात लावला नव्हता. गहू पिवळे पडून आडवे झाले होते, आरशावर धूळ. मी पदर खोचला आणि डोंगर उपटायला लागले. वाळलेलं पोतं कडकड मोडत होतं. सासू आली, खाली बसली आणि वापरता येतील त्या विटा बाजूला काढायला लागली. माईचं कसं हाय, तिनं विचारलं. बोलणं गेलं, मी सांगितलं. ती विटांची माती झटकत राहिली. ते मला सोसेना.

"आत्याबाई, हे महाबळेश्वर नव्हतं. माझं गाव व्हतं. त्या म्हाताऱ्यानं मला निरोप आणला व्हता. रोज तुमच्या डोळ्यांपुढं गाडी तिथं थांबवली मी, आणि तुमाला दिसलं न्हाई."

सासूनं हातातली वीट खाली ठेवली. आवाज चढवला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही.

"पहिल्याच दिवशी वळखलं व्हतं मी. तुला बघायला आलो तव्हा त्याच चिंचंखाली बसले व्हते. म्हनलं, आज मागंल, उद्या मागंल. तू नुसती गाडी फिरवायलीस. तोंडानं मागितलं असतंस तर महालक्ष्म्या एकटीनं केल्या असत्या आन् तुला एसटीत बसवलं असतं. न मागता द्यायला मी काय तुझी माय हाय का?"