खाली हिरवं, मग तिसरा चौकोन

ताई, लग्न होऊन मी सुरतेला निघाले तेव्हा दोंडाईच्याच्या स्टेशनावर माझी ट्रंक तू उचलून दिलीस. गाडी हलली तशी माय खिडकीसोबत चालत म्हणाली, "नही समजनं ते इचारी लेजो, लाजू नको." मी मान हलवली. तेव्हापासून मान हलवतेच आहे.

सुरतेतल्या उधन्याला उतरले आणि गुजराती पाट्या वाचायला गेले. अक्षरं ओळखीची वाटत होती, पण वरची रेघच नव्हती. छप्पर उडालेल्या घरांसारखी. चौथीपर्यंतचं माझं वाचन तिथेच थांबलं. कुणाला विचारलं नाही. दुकानं, दवाखाना, सगळं खुणेवरून ओळखायला शिकले. साडीवर खडे चिकटवायचं कामही तसंच शिकले. शेजारणीचे हात पाहत राहिले आणि चौथ्या दिवशी माझे हात तसेच चालायला लागले. कोमलच्या गुजराती शाळेतल्या रिझल्टवर सही करायच्या आधी तो कागद मी वाचल्यासारखा जरा वेळ धरायचे. तिला वाटलं, मम्मीला येतं.

आता कोमल कॉलेजात आहे आणि मोबाइलवर यूएक्स डिझाइनचा ऑनलाइन कोर्स करते. अॅप कुणालाही सहज वापरता यावं म्हणून ते कसं मांडायचं, हे त्यात शिकवतात. शेवटच्या कामासाठी तिने दवाखान्यात नंबर लावायचं अॅप आखलं, गल्लीतल्या बायांसाठी, गुजरातीत. ते बायांच्या हातात देऊन बघायचं आणि त्याचा व्हिडिओ कोर्सला पाठवायचा होता. पहिली मी.

"घाबरू नको मम्मी. तुझी परीक्षा नथी, मारी छे," कोमल म्हणाली. माझी नाही, तिची परीक्षा.

ती चार दिवस ते करून बघत होती, तेव्हा मी मागेच खडे लावत बसलेली होते. खाली हिरवं, मग तिसरा चौकोन, मग उजवीकडचं. बोट आपोआप गेलं. एक अक्षर वाचलं नाही. कोमलने मला मिठीच मारली. "चौथी पास मम्मीने एका मिनिटात केलं! हेच लिहिते."

दुसरी सुनंदाबाई, समोरच्या खोलीतली, आपल्या धुळ्याकडचीच. तिने फोन घेतला आणि सरळ सांगितलं, "पोरी, हाई गुजराती माले वाचता येत नही."

"काकू, ट्राय तर करा! मम्मीला जमलं ना."

सुनंदाबाईने माझ्याकडे पाहिलं. "तुनी माय हुशार शे. आम्ही अडानीच राह्यनूत." हसली ती. पण फोन परत देताना पदराने पुसून दिला, जणू तिच्या हाताने तो मळला होता. मी खाली बघून खडे निवडत राहिले.

ती गेल्यावर कोमल म्हणाली, "काकूंचं नाही धरत. त्यांनी ट्रायच नाही केलं. तुझंच पाठवते."

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. म्हणाले, "बटणं हलव. मग मला दे."

तिने गंमत समजून हलवली. मी खाली बोट ठेवलं. नंबर रद्द झाला, हे मला तिनेच सांगितलं. मग तिने फोन खाली ठेवला.

"मग माझे रिझल्ट, मम्मी?"

"नाही समजायचे," मी म्हणाले. मायने सांगितलेलं एवढं सोपं बोलणं, ते मी पहिल्यांदा केलं, तेही पोटच्या पोरीजवळ.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझा व्हिडिओ पुसला आणि वहीत सगळ्यात वर सुनंदाबाईचं वाक्य लिहिलं. अॅप आता नव्याने मांडते आहे, चित्रं घालून आणि वाचून दाखवणाऱ्या आवाजासह.

ताई, इतकी वर्षं घर म्हटलं की मला आपलं गावच आठवायचं, जिथे प्रत्येक पाटी वाचता यायची. त्या दिवशी पहिल्यांदा ही उधन्यातली खोली माझी वाटली. इथे माझ्याबद्दल लपवायचं काही उरलं नाही. पण सुनंदाबाईचं दार चार पावलांवर आहे. सकाळी पाणी भरताना ती अजून मला हुशार म्हणते, आणि मी अजून मान हलवते.