निजलेल्या मिरच्यांचा शिंपी

सगळ्यांनी मेली म्हणून सोडून दिलेली कुठलीही गोष्ट मेली आहे, हे कधीही मान्य न करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. शिवाजी पेठेत माझ्या भाड्याच्या खोलीच्या बरोबर खाली तो शर्ट शिवत असे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणायची. दुकानामागच्या अंगणात तेलाच्या रिकाम्या डब्यांतून त्यांनी मिरच्या लावल्या होत्या. लोक हंगाम संपला की झाड उपटून टाकतात. चाचा मात्र दिवाळीनंतर एकेक झाड हातभर ठेवून छाटायचे, डबे मागच्या खोलीत फळीवर ओळीनं मांडायचे आणि फाल्गुनापर्यंत आठवड्यातून एकदा घोटभर पाणी पाजायचे. पानं झडून नुसत्या काटक्या उरल्या तरी त्यांना घोर नसायचा. नखानं साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवायचे आणि म्हणायचे, "मेल्यात कुठं? निजल्यात."

निजलेल्यांची झोप मोडू नये म्हणून थंडीचे तीन महिने दुकानात मोठ्यानं बोलायची बंदी असे. आणि त्यांना गारठा लागू नये म्हणून चाचा प्रत्येक डब्यात काठ्यांची फुली रोवून तिच्यावर शर्ट चढवत. शिवायला टाकून गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेले शर्ट. संध्याकाळी त्या खोलीत डोकावलं की बिनमुंडक्यांची माणसं हात लोंबकळत ठेवून बसलेली दिसत. तालमीतला एक पैलवान छातीचं माप कुजबुजत देता देता पडद्याआड बघून थबकला. आत कोण बसलंय, असं त्यानं मलाच हळूच विचारलं. मी सांगेपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता. शर्ट न्यायला तो काही आला नाही, त्यामुळे पुढच्या थंडीत त्याचाही शर्ट त्या ओळीत बसला. तो डब्याखाली पार जमिनीपर्यंत यायचा.

त्याच थंडीत आमच्या गल्लीतल्या एक वहिनी ब्लाउज शिवायला आल्या. त्यांचे यजमान चंदगडच्या एसटीवर कंडक्टर होते आणि दोन वर्षांपूर्वी तापानं गेले होते. मुलीचं लग्न माघात ठरलं होतं. बोलता बोलता त्यांची नजर पडद्याआड गेली. खिडकीजवळच्या डब्यावर निळ्या रेघांचा शर्ट होता. तापात पडण्याआधी यजमानांनी शिवायला टाकलेला तो हाच. वहिनी ओरडल्या नाहीत. आत गेल्या आणि त्या शर्टासमोर जमिनीवर बसल्या. चाचांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागत ते शर्ट काढायला पुढं झाले, तर वहिनींनी त्यांचा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "थंडी हाय."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशीही. सकाळी शर्टासमोर चहाचा कप ठेवायच्या आणि दुपार उलटेपर्यंत त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत बसायच्या. लग्नाच्या याद्या, कुणाला बोलवायचं, कुणाला नाही. मध्येच थांबायच्या, ऐकल्यासारखं करायच्या आणि मान डोलवायच्या. मला जास्त भीती कपाची वाटायची, कारण संध्याकाळी तो रिकामा असायचा. शेवटी मी चाचांना विचारलं, चहा तुम्ही पिता का? त्यांना इतके दिवस वाटत होतं, मी पितो. त्या दिवसापासून आम्ही दोघंही त्या खोलीत एकटे जाईनासे झालो.

मग एका सकाळी वहिनींची मुलगी आली. आई घरी जेवत नाही, लग्नाचं काही बघत नाही, माझ्या हळदीला उभी राहील असंही वाटत नाही, असं तिनं खाली बघत सांगितलं. चाचा बराच वेळ कात्री नुसती उघडत-मिटत राहिले. मग उठले, मलाही बरोबर घेतलं आणि आत गेले. वहिनी बसल्याच होत्या. चाचांनी शर्टाची बटणं सावकाश सोडली, तो काढून हातावर घेतला. खाली नुसती काटकी होती. त्यांनी वाकून नखानं साल खरवडली.

मी त्यांच्या खांद्याशीच उभा होतो. साल निघाली तिथं लख्ख हिरवं होतं. मी ते पाहिलं, त्यांनीही पाहिलं. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला.

"ह्ये गेलंय, वैनी," ते म्हणाले. "आता न्हाई यायचं माघारी."

वहिनींनी शर्ट मागून घेतला, नाकाशी धरला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. मग मुलीचा हात धरून घरी गेल्या. माघात लग्न झालं. वहिनींना पंगतीत वाढत फिरताना मी पाहिलं.

ते झाड फाल्गुनात फुटलं. वहिनींच्या दृष्टीस पडू नये म्हणून चाचांनी डबा माझ्या खोलीमागच्या गॅलरीत आणून ठेवला. ते झाड लगडलं, मिरच्या लाल झाल्या, सुरकुतल्या. आम्ही दोघांनीही एकही तोडली नाही. एकदा संध्याकाळी चाचा पाणी घालायला वर आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले.

"मास्तर, वैनीस्नी बरं वाटत असंल न्हवं आता?"

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि एकेक पायरी जपून उतरत ते खाली गेले. मी कान देऊन बसलो होतो, पण मशीन बराच वेळ सुरू झालं नाही.