निगडीच्या गच्चीवर उतरणारे ढग

निगडीच्या प्राधिकरणात घर बांधताना मृदुला गोडबोलेंनी एकच हट्ट धरला, गच्ची मोकळी हवी. शेजाऱ्यांना वाटलं, कुरडया वाळत घालायच्या असतील. बाईंना आकाशातून चित्रं उतरवून घ्यायची होती.

पिंपरीच्या एका वायरलेस बनवणाऱ्या कंपनीत त्या टेस्टिंगला होत्या. हवामानाचे उपग्रह फिरता फिरता खालच्या ढगांची चित्रं प्रसारित करतात आणि ज्याच्याकडे अँटेना नि रिसीव्हर असेल त्यानं ती खुशाल घ्यावीत, असं त्यांनी मासिकात वाचलं आणि झालं, बाई पेटल्या. परवान्यासाठी वर्षभर चपला झिजवल्या. भंगारातल्या मोटरवर नळकांडं बसवून त्याला फोटोचा कागद गुंडाळला. रिसीव्हरमधून येणाऱ्या आवाजाबरोबर बारीक दिवा कमीजास्त होई आणि कागदावर एकेक ओळ उमटे. हा सगळा खटाटोप अंधार करून न्हाणीघरात चाले. उपग्रह नेमका नवऱ्याच्या, शरच्चंद्ररावांच्या, आंघोळीच्या वेळी यायचा. ते बिचारे खांद्यावर टॉवेल टाकून गच्चीवर अँटेना फिरवत उभे राहायचे.

कंपनीत पत्रे दाबून घडवणाऱ्या प्रेस शॉपचे हिंदुराव गाडे हे या चित्रांचे पहिले गिऱ्हाईक. चाकणजवळ त्यांचं शेत होतं. एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर कांदा काढून शेतात सुकायला टाकला होता आणि त्याच्या पैशांतून विहिरीवर पंप बसवायचा होता. आभाळाची धास्ती वाटून ते रविवारी निगडीला आले.

त्या दिवशी सकाळी वीज गेलेली, चित्र हुकलेलं. बाईंनी दुपारी दुसऱ्या उपग्रहाचं घेतलं. सकाळचा उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेला जातो, दुपारचा दक्षिणेकडून वर चढतो, म्हणून दुपारचं चित्र उलटं उमटतं. बाईंना हे पुरतं ठाऊक होतं. पण सवयीच्या हातानं त्यांनी कागदाच्या वरच्या कडेला ‘उत्तर’ लिहिलं. अर्धं चित्र खरखरीत हरवलेलं, किनारा दिसतच नव्हता. ढगांचा मोठा पुंजका उजव्या हाताला होता.

“ढग पार बंगालच्या बाजूला आहेत. कांदा राहू दे तसाच,” त्या म्हणाल्या. हिंदुराव निर्धास्त होऊन गेले.

सोमवारी पाऊस कोसळला. बाईंनी कागद काढून उलटा धरला. ढग अरबी समुद्रावर होते, अगदी दाराशी. त्या खूप रडल्या.

“आता पुरे कर हे,” शरच्चंद्रराव हळूच म्हणाले.

“आत्ता थांबले तर हिंदुराव जन्मभर उपग्रहाला शिव्या देतील. चूक माझी आहे.”

त्याच आठवड्यात रजा टाकून, कागद घेऊन त्या चाकणला गेल्या. शेतात कुजक्या कांद्याचा वास सुटला होता. हिंदुरावांची बायको कस्तुरा सडके कांदे निवडत होती, तिनं मान वर केली नाही. बाईंनी सगळं उभ्या उभ्याच सांगितलं.

“मंजी कागद उलटा धरला व्हय?” हिंदुरावांनी विचारलं.

“हो.”

“पंप गेला की वो आमचा.”



त्यानंतर कागद गुंडाळण्याआधी त्याच्यावर उपग्रहाच्या दिशेचा बाण काढल्याशिवाय त्या यंत्राचा दिवा लावत नसत. रोज सकाळचं चित्र कँटीनच्या फळ्यावर लावू लागल्या. कामगार ‘गोडबोलेबाईंचा उलटा पाऊस’ म्हणून टिंगल करायचे. बाई ऐकायच्या आणि टाचण्या मारायच्या. हिंदुराव फळ्याकडे न बघता ताट घेऊन पुढे जायचे. बाईंना ते सगळ्यात जास्त लागायचं.

पुढच्या वर्षी पुन्हा कांदा निघाला. एका सकाळी चित्रात कोकणचा किनारा स्वच्छ होता आणि पश्चिमेला ढग दाटले होते. बाई सरळ कँटीनमध्ये हिंदुरावांच्या टेबलाशी गेल्या.

“कांदा झाका.”

 हिंदुराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले, गावभर फिरून ताडपत्र्या मागून आणल्या आणि सगळा कांदा झाकला. त्या रात्री थेंबही पडला नाही. ढग किनाऱ्यावरूनच उत्तरेला वळले होते. भर थंडीत ताडपत्र्या घालून बसले म्हणून गाव हसलं.

सकाळी बाई फळ्यावर नवं चित्र लावत होत्या. हिंदुराव आत येताच त्या म्हणाल्या, “हिंदुराव, पाऊस आला नाही.”

हिंदुरावांनी ताट टेबलावर ठेवलं आणि वर्षभरात पहिल्यांदा फळ्यासमोर येऊन उभे राहिले.

“काल समुद्रावर आबाळ व्हतं का?”

“होतं.”

“मंग झाकलं ते बराबर झालं.” त्यांनी कागदावर बोट टेकवलं. “आमी हितं का?”

“जरा उजवीकडे.”

बोट सरकलं. “ताडपत्र्या अजून काढल्या न्हाईत. लोक परत मागत्यात. आजचं काय म्हनतंय ते सांगा, मंग काढतो.”