पांढऱ्या साडीवर चहाचं पाणी

चहाचं पाणी गाळून आणलं होतं. प्लास्टिकच्या मगात, गार करून. म्हणजे आयत्या वेळी सुचलं असं नव्हे, ठरवूनच आणलेलं. रेवतीने ओंजळ भरली आणि माझ्या पदरावर, निऱ्यांवर शिंपडली. मग ओले हात साडीलाच पुसले.

"हां, आता झोपडपट्टी दिसतेय," नाटकाचे सर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला आजही पचलेलं नाही.

साडी आईची होती. पांढरी, निळ्या काठाची. विहारात आणि जयंतीला नेसायची, एरवी वर्षभर कपाटात जपून ठेवलेली. तालमीला तिनेच दिली होती. "सर्व्हेच्या दिवशी हीच नेसले होते," म्हणाली.

सर मूळचे पेठेतले. नाटकवाल्यांत मोठं नाव. पुण्यातल्या सरकारी घरांचा इतिहास तरुण मुलांकडून रंगमंचावर आणायचा, असा त्यांचा प्रकल्प होता. विश्रांतवाडीच्या आमच्या पुनर्वसनाच्या इमारतीतून मी एकटीच. बाकीची मुलं कोथरूडकडची, रेवतीसकट. सरांनी सांगितलं, "घरच्यांच्या आठवणी घेऊन या." मी आईची आठवण नेली.

आमच्या वस्तीचा सर्व्हे झाला तेव्हाची. दारावर रंगाने नंबर टाकायचे. मग घरातल्यांनी तोच नंबर पाटीवर लिहून, ती हातात धरून दारात उभं राहायचं. की फोटो. फोटो म्हटल्यावर अख्खी वस्ती नटली. बायकांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या, पोरांना पावडरी फासल्या. आईने दारात रांगोळी काढली, माझ्या दोन वेण्या घातल्या आणि ही साडी नेसली. सर्व्हेवाला म्हणाला, "काय बाई, वरातीला निघालात का?"

आई म्हणाली, "घराचा फोटो आहे ना साहेब? मग घरंदाजासारखीच उभी राहणार."

त्याने कागदावर काहीतरी खरडलं. यादी लागली तेव्हा आम्ही अपात्र. शेरा होता, 'इतरत्र घर असण्याची शक्यता.' एका इस्त्रीच्या साडीवरून. पुढे तीन वर्षं आईने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे घर मिळालं.

सरांना आठवण फार आवडली. आईची भूमिका मलाच दिली. आईचं उत्तर मात्र त्यांनी काढून टाकलं. "ती गप्प राहते. मान खाली घालते. प्रेक्षक तिथे रडतो," म्हणाले. मला वाटलं, सर आहेत, त्यांना कळत असेल.

साडी भिजवली त्याच दिवशी पानशेतच्या पुराच्या प्रवेशाची तालीम होती. तो सरांच्या आजोबांवर होता. पुरात राहतं घर गेलं, सरकारने नव्या वसाहतीत दुसरं दिलं. आजोबा झालेल्या मुलाला सर सांगत होते, "ताठ उभा राहा. सगळं वाहून गेलंय, पण माणूस वाहून गेलेला नाही." त्याच्या अंगावर परीटघडीचं धोतर.

मी विंगेत ओल्या साडीत उभी होते. समोर नुकताच पुरातून निघालेला माणूस आणि धोतरावर चिखलाचा एक ठिपका नाही. घर दोघांनाही सरकारनेच दिलेलं. ते पूरग्रस्त, आम्ही झोपडपट्टीवाले. त्यांचा तो इतिहास, आमची ती दया.

घरी आईने साडी पाहिली. मी घडलं ते सांगितलं. ती बराच वेळ डाग चोळत राहिली. मग म्हणाली, "सर्व्हेवाला बरा म्हणायचा. त्यानं नुसतं लिहिलं. साडीला हात नाही लावला."

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, "आजोबांच्या धोतराला चिखल का नाही?"

तालीम थांबली.

"तो संदर्भ वेगळा आहे," सर म्हणाले. "आणि अगं, नाटक तुझ्या आईपेक्षा मोठं आहे."

"मग तिच्याशिवाय करा."

"करू की. रेवतीचं सगळं पाठ आहे."

म्हणजे मला काढलं, आईची आठवण ठेवून घेतली.

प्रयोगाचं आमंत्रण आईला वेगळं आलं. मी नको म्हणत होते. "माझंच आहे ना? बघू तर दे," म्हणाली. रेवती रंगमंचावर आली. फाटकी साडी, विस्कटलेले केस, छातीशी पाटी, मान खाली. सर्व्हेवाला ओरडला, ती थरथरली. लोकांनी डोळे पुसले. आई एकटक बघत होती. तिचा चेहरा मला बघवेना.

शेवटी सरांनी माईक घेतला. "जिची ही कहाणी, त्या ताई आज इथे आहेत. ताई, जरा उभ्या राहता का?"

टाळ्या सुरू झाल्या. कचेरीत नाव पुकारलं की उठायच्या सवयीने आई उठू लागली. मी तिला हाताला धरून बसवलं आणि टाळ्या थांबेपर्यंत स्वतः उभी राहिले.

"ती बाई ही नाही," मी म्हणाले. "माझ्या आईने मान खाली घातली नव्हती. सर्व्हेवाल्याला उत्तर दिलं होतं. सरांनी ते कापलं, कारण त्यावर तुम्ही रडला नसतात."

आणि ते उत्तर मी मोठ्याने सांगितलं, शब्दाला शब्द. पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "घर फुकट मिळालं, तरी तोंड आहेच."

आम्ही बाहेर पडलो. बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही. त्या नाटकाचे प्रयोग पुढेही झाले, अजून होतात. त्यातली आई अजून गप्पच आहे.

मी आता आमच्या इमारतीतल्या मुलींना घेऊन पार्किंगमध्ये तालीम घेते. आम्ही मजल्यामजल्यावर जातो, बायकांना बोलतं करतो, लिहून घेतो, त्यांनाच वाचून दाखवतो. बाईने हो म्हटल्याशिवाय तिचा एक शब्दही तोंडात घेत नाही. परवा सरांचा निरोप आला. एवढं साहित्य जमलंय, तर एकत्र काही करू या का?

मी 'नाही' एवढंच लिहिलं. त्यांनी कारण विचारलं. दिलं नाही. आमच्यातलं एकही माणूस मी पुन्हा त्यांच्या हाती देणार नाही.