तीन चोक दहा

शेतात ठिबकचं नवं बंडल उलगडलं की काळ्या पाईपचा उग्र वास सुटतो आणि मला बीडमधलं ते ठिबकच्या पाईपचं दुकान आठवतं. नव्वदचं दशक होतं. मालकांनी पहिलाच कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवायला मला ठेवलं होतं.

एके सकाळी, आदल्या दिवशी भरलेल्या आकड्यांत एक ओळ अशी निघाली: एकर तीन, एकरी बंडलं चार, गुणाकार दहा.

"पोरी, तीन चोक बारा व्हत्यात. हे डबडं दहा कावून म्हणतंय? देतो परत!" मालकांनी फोन उचलला.

डबडं गेलं की माझी नोकरीही जाणार होती.

"मालक, थांबा जरा." मी तीनच्या चौकटीवर क्लिक केलं, तर वरच्या पट्टीत अडीच दिसले. त्या रकान्यात दशांश दिसत नव्हते, म्हणून अडीचचे तीन दिसत होते. गुणाकार मात्र अडीचनेच झाला होता. मी दशांश उघडे केले.

आज हे शाळेतलं पोरही सांगेल. तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं, माझं मीच शोधलं, याचा अभिमान अजून आहे.

मालक "अडीच चोक दहा" असं पुटपुटले, फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "पाईप किती लागंल ते मला नका इचारू. तिला इचारा."